बिल्ला परत दिला ते वय

सोमवार, ३ जून
ऑफिसला उशीर. कोप्पीकर रोड पुन्हा खोदलाय, रिक्षा लांबच सोडली. जिना चढताना गुडघा.

मेहता सरांची मेल येऊन पडलेली. आमच्या ॲक्च्युअरींच्या, म्हणजे विमा-पेन्शनचं गणित मांडणाऱ्यांच्या, संघटनेच्या धोरण समितीचे अध्यक्ष, मुंबईत असतात. इथल्या राज्य सरकारच्या एका खात्यानं हमालांच्या पेन्शनचा मसुदा पाठवलाय, संघटनेचं मत मागितलंय. पेन्शन साठाव्या वर्षापासून. ‘तू हुबळीची, तुला बाजार समितीचं यार्ड माहीत. टिपण तूच कर.’

समितीत सात जण, टिपणं मात्र माझ्याच गळ्यात. नाही म्हणायला हवं होतं. ‘हो सर’ लिहून पाठवलं.

यार्ड माहीत म्हणे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी तिथं पोती वाहिली, हे समितीत कुणाला माहीत नाही. कधी विषय निघाला नाही. म्हणजे मी काढला नाही.

गुरुवार, ६ जून
दोन दिवस शोधाशोध. मसुद्यातला सगळा हिशेब सर्वसाधारण आयुर्मानाच्या तक्त्यावर. दिल्लीतल्या साहेबाला आणि अमरगोळच्या यार्डातल्या हमालाला एकच तक्ता. पण हमाल किती जगतात याचा वेगळा तक्ता कुठं मिळेना. दोघा-तिघांना फोन केले. नाही.

सरांना विचारलं. “नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिही. आपण आकड्यांवर बोलतो, कळवळ्यावर नाही.”

बरोबर आहे. ज्युनियरांना मीही हेच सांगते.

शनिवार, ८ जून
अमरगोळला गेले. मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना खोकून खोकून डोळ्यांत पाणी. तिथली माणसं मजेत.

हमाल संघाचे सेक्रेटरी इरप्पा अण्णा. पन्नाशीचे, स्वतः अजून पोती उचलतात. कानडीत सुरू करतात, मध्येच मराठीत येतात. संघाची जुनी नोंदवही दाखवली. माणूस कामाला लागला की नाव, वय, तारीख. दंडावरचा पितळी बिल्ला परत दिला की नावावर रेघ आणि तारीख.

“कारण नाही लिहीत?”

“कारण कशाला लिहायचं अक्का? आम्हाला माहीत असतं की.”

वही मागितली. जरा विचारात पडले. मग म्हणाले, “ह्वदु, हो, न्या. तुम्ही आमच्याच हमालाची पोरगी. बुधवारी आणून द्या.”

रविवार, ९ जून
वही घेऊन अप्पांसमोर बसले. वय ७९, पण यार्डातलं विचारलं की लख्ख. मी नाव वाचायचं, त्यांनी सांगायचं.

“यल्लप्पा?”

“गेला. छातीनं.”

“मारुती?”

“गावाला गेला, नवलगुंदला. हाय का न्हाई, कुणास ठाऊक.”

तीन रकाने केले. वारला, गावी गेला, माहीत नाही. तिसराच भरत चाललाय.

चार वाजता अप्पांनी चष्मा काढला. “पुरं आता. येवढी मानसं येका दिवसात आठवायची नसत्यात.”

मंगळवार, ११ जून
वही संपली. उपयोग शून्य. एका म्हाताऱ्याच्या आठवणीवरून मृत्यूचा अंदाज! दुसऱ्या कुणी पाठवला असता तर पहिल्या पानावरच फेकला असता. अप्पांना तसं सांगून टाकलं. वाईट वाटेल वाटलं होतं. छे.

“कवा मेला, कवा मेला, येवढंच इचारतीस. बिल्ला कवा दिला ते का इचारत न्हाईस? त्ये तर वहीत लिवलंय.”

वही पुन्हा पुढ्यात ओढली. कामाला लागतानाचं वय आहे, रेघ मारल्याची तारीख आहे. कुणाच्या आठवणीची गरजच नाही. मेला कधी हा प्रश्नच नव्हता. ओझं कधी टाकलं, हा होता. इतकी वर्षं परीक्षा देत काय शिकले मी.

त्यांचं स्वतःचं पान उघडलं. अठ्ठेचाळीस. कंबर गेली ते वर्ष. मी दहावीत होते.

“अप्पा, अठ्ठेचाळीस ते साठ, बारा वर्षं...”

“तुझी आय हुती की,” म्हणाले आणि आंघोळीला गेले.

शुक्रवार, १४ जून
वही बुधवारीच परत केली. टिपण झालं. वहीतल्या नोंदींची पुरवणी जोडली. साठीपर्यंत बिल्ला ठेवलेली माणसं विरळाच. मधल्या वर्षांत त्यांचं काय, याबद्दल मसुद्यात अवाक्षर नाही.

लिहिताना आई डोळ्यांसमोरून हलेना. विद्यानगरातली चार घरं, धुणी-भांडी. बारा वर्षं तिनं ओढली. गेली तेव्हा साठीलाही टेकली नव्हती. तिच्या नावावर ना बिल्ला, ना कुठल्या वहीत रेघ.

बुधवार, १९ जून
समितीची ऑनलाइन मीटिंग. दीड तास.

“एक यार्ड, एक वही. यावरून राज्याचं धोरण?” एक सभासद. मुद्दा रास्त. मी पुरवणीत स्वतःच तसं लिहिलंय, पण पुरवणी वाचतो कोण.

दुसरे म्हणाले, “मॅडम, तुमचा या यार्डशी काही संबंध?”

“माझे वडील तिथं हमाल होते.”

 कुणाच्या तरी घरी कुत्रं भुंकायला लागलं.

मेहता सर हळूच म्हणाले, “आधी सांगायला हवं होतंस.”

हवं होतं. लाज वाटून लपवलं की गरज नव्हती म्हणून, माझं मलाच... असो.

पुरवणी काढली. एक वाक्य ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘काम सोडण्याचे वय तपासावे.’ आता झालंय, ‘काम सोडण्याच्या वयाचाही विचार व्हावा, असे सुचवावेसे वाटते.’ सही केली. भांडायचं त्राण नव्हतं.

सोमवार, १ जुलै
धारवाडला त्या मसुद्यावर सुनावणी. संघटनेतर्फे मी. टिपण वाचलं, दहा मिनिटं. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच थकलेल्या. त्या एका वाक्यावर थांबल्या. “विचार व्हावा, म्हणजे कशावरून?”

इथं गप्प बसता आलं असतं. म्हणाले, “मॅडम, यापुढचं संघटनेचं नाही, माझं आहे. माझे वडील हमाल होते, तेही लिहून घ्या.” मग वहीचं सांगितलं. इरप्पा अण्णा मागच्या रांगेत होते, कापडी पिशवीतून वही काढून पुढं आले. बाईंनी पानं उलटली, बराच वेळ. एका रेघेवर बोट ठेवून विचारलं, “हे सगळे सोडून गेले?”

“गेले नाहीत मॅडम,” अण्णा म्हणाले, “उचलेना झालं.”

झेरॉक्स द्या म्हणाल्या. आणि “नोडोण.” पुढचं प्रकरण पुकारलं.

झेरॉक्स काढायला सुभाष रोडला गेलो. अण्णांनी विचारलं, “अक्का, बाई बघू म्हणाल्या. बघू म्हणजे कितव्या वर्षी?” स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

मंगळवार, २ जुलै
सकाळीच मेहता सरांचा फोन. बातमी पोचली होती.

“तू स्वतःचं म्हणून बोललीस?”

“हो सर. तसं आधी स्पष्ट सांगून.”

“संघटनेच्या खुर्चीत बसून ‘हे माझं’ म्हणता येत नाही. समितीवर राहायचं की नाही, तू ठरव. मी काढणार नाही.”

मी बरं म्हणाले. सर फोन ठेवतील वाटलं. ठेवला नाही.

“अशा वह्या दुसऱ्या यार्डांतही असतात?”

“माहीत नाही सर.”

“विचारून बघ.”

संघटनेतर्फे की माझी मी, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

राजीनाम्याची मेल अर्धी लिहून ठेवलीय. इरप्पा अण्णांना फोन लावला, गदगचं, बेळगावचं कुणी ओळखीचं आहे का म्हणून. दोनदा वाजला, उचलला नाही. लॉरी आली असेल.