कॅसेटची बाजू पालटेपर्यंत

आप्पा, आधीच सांगते, रागावून लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं. पण भिंतीशीसुद्धा माणूस भांडतंच की कधीतरी. मला एकच विचारायचं आहे. रविवारी सकाळी खोपोलीच्या आपल्या क्वार्टरमध्ये तुम्ही पुढच्या खोलीचं दार लावून घ्यायचात आणि तुमच्या दोस्तांबरोबर ती लांबलचक इंग्रजी गाणी ऐकायचात, तेव्हा मला एकदाही आत का घेतलं नाहीत? मुलगी म्हणून? तसं असेल तर तसं सांगा. पन्नाशीला आले मी, आता मला काही वाटायचं नाही. म्हणजे वाटेल, पण निदान माहीत तरी होईल.

त्या गाण्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. घरात त्यांना 'सायबाची गाणी' म्हणायचे, कारण तुमच्या कारखान्यात मशीन बसवायला कुणी परदेशी इंजिनियर आला होता आणि जाताना त्यानं कॅसेटींचं खोकं तुमच्या हातात ठेवलं होतं. तुम्हाला इंग्रजी येत होतं ते मशीनच्या पाट्यांपुरतं. तरी एकेक गाणं अख्खी बाजूभर चालायचं आणि तुम्ही सगळे फिटर, वेल्डर, ढोलकीवाले काका, मांडी घालून गप्प बसून ते ऐकायचात. जयंतीच्या मिरवणुकीत आख्खी वस्ती नाचवणारे ते काका रविवारी तुमच्याशेजारी डोळे मिटून बसायचे, याचं मला फार नवल वाटायचं.

नियम तुमचाच होता. कॅसेट सुरू झाली की कडी. बाजू संपेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. बाजू संपली की कडी निघायची, तुम्ही हाक मारायचात, "चहा आण गं!" मग आई ट्रे घेऊन आत, तिच्या मागं मी बटरची ताटली घेऊन. तुम्ही कॅसेट पालटेपर्यंत आम्हाला मुभा. तेवढ्या वेळात मी सगळं बघून घ्यायची: धूर, टेपवरचा लाल दिवा, उशीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेला आपला धाकटा. हो, त्याला आत घ्यायचात! त्याला त्या गाण्यांचं काडीचं पडलं नव्हतं, पण तो मुलगा होता, म्हणून सतरंजीवर त्याची जागा राखलेली. माझी जागा स्वयंपाकघरात, तांदूळ निवडायला. पोशीरच्या मामाकडून आलेले ते तांदूळ अजून डोळ्यासमोर आहेत, त्यातल्या खड्यांसकट.

आता गंमत ऐका. प्लायवूडच्या दारातून काय ऐकू येतं? ढमढम. ड्रम आणि त्याच्याखाली ती जाडी गिटार. बाकी काही नाही. मला वाटायचं, गाणं एवढंच आहे. त्यात शब्द नाहीत, कुणी गात नाही, नुसतं काहीतरी मोठं जमिनीखालून चाललं आहे आणि ते पायांना कळतं. मला ते इतकं आवडायचं की सुपातले दाणे हातात धरून मी तशीच बसून राहायची आणि आई म्हणायची, "हात चालव गं बये, तुला काय त्यांच्यात बसायचंय?" बसायचंच होतं ना. पुढं कितीतरी वर्षांनी, खालापूरला नोकरीला लागल्यावर, कॅसेटीवर वाचलेलं नाव आठवून मोबाइलवर तेच गाणं शोधून काढलं. बसमध्ये कानात घातलं आणि चक्क वैतागले. मध्येच हा कोण बाप्या किनऱ्या आवाजात गायला लागला? याला कुणी बोलावलं? दोनदा उतरायचा थांबा चुकला, पण माझ्या गाण्यात तो माणूस मावेना.

तुम्ही मला काहीच दिलं नाहीत असं मात्र म्हणणार नाही. तो दसरा आठवतो का? सकाळी आई पांढरी साडी नेसून आम्हाला घेऊन विहारात गेली होती, आणि दुपारी कारखान्यात घरच्यांना मशिनी बघायला सोडायचे म्हणून तुम्ही आम्हाला नेलंत. मशिनींना झेंडूच्या माळा घातलेल्या. तुम्ही पूजेला हात जोडत नसायचात, पण तुमच्या मशीनवर हात असा ठेवलात की जोडल्यापेक्षा कमी नव्हता. मग मला जवळ ओढता. माझा पंजा उघडता आणि त्यावर बोट आपटत म्हणता, "आयक. चार, मग तीन. चार, मग तीन. ही सरळ चालतच नाय बघ, लंगडते. ते गाणंबी असंच लंगडतं, म्हणून तर भारी हाय." तुमच्या बोटाला ग्रीसचा वास आहे. मी लगेच पकडते. तुम्ही हसता आणि म्हणता, "अरं वा!" त्या दिवशी मी 'अरं' होते. घरी येईपर्यंत मी पुन्हा 'गं' झाले होते.

कारण पुढच्याच रविवारी मी तो ठेका दारावर धरला. मुद्दाम नाही धरला, बोटांनीच धरला. चार, मग तीन. कडी खाडकन निघाली. तुम्ही दारात. "काय लावलंय गं हे? पोरींचं काम हाय का?" आतून ढोलकीवाले काका म्हणाले, "अरं, पोरगी बरोबर धरतेय, आयक तर खरं." आणि तुम्ही म्हणालात, "धरू दे. भाकऱ्या थापायला उपेगी पडंल." सगळे हसले. धाकटाही जागा होऊन हसला, कशाला ते त्याला ठाऊक नसताना. आप्पा, तुम्ही मला मारलं असतं तर मी विसरले असते. मी अजून भाकरी थापत नाही. पोळ्या लाटते, नाहीतर भात. घरातल्यांना वाटतं, मला जमत नाही.

दहावी झाले तेव्हा तुम्ही मला कॅसेट दिलीत. चकचकीत कागदात गुंडाळलेली, वर लाल रिबीन. मला वाटलं, त्या खोक्यातलीच एक असणार. उघडली तर सिनेमातली प्रेमाची गाणी, वर गुलाबाचं चित्र. "ही ऐक, तुज्यासारख्या पोरींना आवडतात," म्हणालात. केवढ्या प्रेमानं म्हणालात! मी "छान आहे" म्हणाले. वाईट नव्हतीच ती. पण तुम्हाला माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं, याचं फार वाईट वाटलं.

तुमच्या त्या सतरंजीवर नंतर मी हट्टानं जाऊन बसले. तुमची नाही म्हणजे, पण तसलीच. मुंबईत एका मैदानावर परदेशी बँड येणार होता, त्याच जातीच्या गाण्यांचा. मी एकटी गेले. घरी ऑफिसचं काम सांगितलं, कारण नवऱ्यानं 'तुझं वय काय' विचारलं असतं. तिथं काय बघावं? पुरुषांच्या संडासाबाहेर ही लांब रांग आणि बायकांच्या संडासात मी एकटी! आयुष्यात कधी असं झालं नव्हतं, मला हसूच आवरेना. मग शेजारचा एक टक्कलवाला गृहस्थ अगदी सभ्यपणे विचारतो, "मिस्टरांबरोबर आलात का?" मी म्हटलं, "नाही, मिस्टरांना यातलं कळत नाही." तो हसला आणि मग मला समजावून सांगायला लागला की हे गाणं चार-तीनमध्ये आहे. मला! मी त्याला माझा पंजा दाखवला नाही. गाणं सुरू झालं की सगळी पुरुषमंडळी एकदम गप्प होत होती, माना खाली घालून, अगदी आपल्या पुढच्या खोलीसारखी. मी उभी राहून विचार करत होते, मला हे गाणं आवडतं, की ते ज्या खोलीत वाजतं तिथं शिरायला आवडतं? ते मला आजही सांगता येत नाही, आप्पा, आणि त्यानं मी हैराण आहे.

तुम्ही गेल्यावर खोकं धाकट्याकडं गेलं, मुलगा म्हणून. कुणी विचारलंही नाही. त्यानं ते माळ्यावर टाकलं. मागच्या महिन्यात घर बदलताना त्याचा फोन आला, "ताई, तुला हवंय का ते? नायतर भंगारवाल्याला देतो." मी त्याच दिवशी जाऊन उचलून आणलं. ढोलकीवाले काका अजून आहेत, ऐकायला कमी येतं, पण टेप त्यांनी जपून ठेवलाय. त्यांना कळवलं तर म्हणाले, "रविवारी येतो. तुज्याकडंच आयकू." आप्पा, काका माझ्या घरी आले. माझ्या हॉलमध्ये बसले. मी त्यांच्या शेजारी बसले, खाली, सतरंजी अंथरून. आणि काका म्हणाले, "दार लाव." मी उठले आणि लावलं. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, तसंच करायचं असतं म्हणून.

कॅसेट घरघरली, मग लागली. टेप जुना, काकांनी आवाज मोठा केलेला, सगळं फाटकं फाटकं. तो किनरा गाणारा जवळजवळ ऐकूच येईना. राहिला फक्त ढमढमाट. दाराबाहेरचा! माझंच गाणं, आप्पा, इतक्या वर्षांनी. काकांची बोटं गुडघ्यावर चार, मग तीन, माझी सतरंजीवर, आणि मला रडू फुटलं. साधं नाही, नाकातोंडातून. काकांकडं बघितलं तर त्यांच्याही गालावरून पाणी चाललेलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. आणि तेवढ्यात दार उघडलं. माझी लेक. कर्जतला कॉलेजात आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी मान वळवली नाही. नुसता हात वर केला, पंजा तिच्याकडं, थांब. तुम्ही करायचात तसा, हुबेहूब. दार हळूच लागलं.

बाजू संपल्यावर मी चहा ठेवायला आत गेले. हो, मीच. आई आता माझ्याकडंच असते; ती ओट्यापाशी बसली होती, आता तिला उभं राहवत नाही. माझे डोळे बघितले आणि म्हणाली, "तूबी बापावरच गेलीस. त्याला रडू यायचं त्या गाण्यात. बाहेर आला की तोंड धुवायचा आधी. पोरीसमोर कसा रडंल? म्हणून कडी." मी म्हटलं, "आणि धाकटा?" "तो झोपायचा गं." मी विचारलं, तुला कधी आत बसावंसं वाटलं नाही? तर हसली. "मला कशाला? दार लागलं की तेवढा येळ घर माजं. कोण काय मागत नव्हतं." एवढी वर्षं मी आमच्या दोघींच्या वतीनं रागावले होते, आणि तिला मजेत दोन घटका मिळत होत्या!

म्हणजे उत्तर मिळालं म्हणायचं. पण त्यानं राग गेला नाही, आप्पा. तुम्हाला रडायला खोली लागत होती, कबूल. मी बघितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? मला तर बापाचं रडणं मिळालं असतं, आणि मी ते त्या गुलाबाच्या कॅसेटीपेक्षा जपून ठेवलं असतं. तुम्ही भाकऱ्यांचं बोललात, तेव्हाही तुमचे डोळे ओले होते की काय? आता आठवून आठवून बघते, तर मला फक्त तुमचा शर्ट दिसतो.

आणि मी तरी काय केलं? चहा देऊन परत आले तेव्हा पॅसेजमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल पडलेलं दिसलं. ते लेकीच्या खोलीतलं. ती काही विचारायला आली नव्हती, बसायला आली होती. मी मुलगी असून, आई असून, तिला बाहेर ठेवलं. स्टूल उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवलं, तेवढंच.

आज पुन्हा रविवार आहे. काका यायचे आहेत, टेप इथंच आहे. ती आत अभ्यास करतेय आणि मधूनच टेबलावर बोटं वाजवतेय, कुठला ठेका ते मला इथून ऐकू येत नाही. हा कागद तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, पण आई फोटो रोज पुसते. आणि खरं तर हे सगळं तुम्हाला सांगायचंच नव्हतं, तिला सांगायचं होतं. तिला आत बोलावीन, सॉरीही म्हणेन, ते जमेल. जमत नाही ते एवढंच सांगायला: त्या दिवशी ती दार लावून गेली ना, त्यानंतर गाणं मला जास्त चांगलं वाटलं.