पाच मिलिमीटरची पॅकिंग

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा बंद पडली! टेकडीच्या शेवटच्या वळणावर, नेहमीच्याच जागी. मागे ट्रकवाला भोंग्यावर बसलेला, पुढे मी बॉनेट उघडून घामाघूम. लेकीने गाडी ढकलून कडेला घेतली. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. आता गाडी देऊन टाकायची. चढावर मागून कुणी ठोकलं म्हणजे?" जावई ताटात बघून जेवत राहिला. म्हणजे दोघांचं आधीच ठरलंय!

तीस वर्षं सांभाळलेली गाडी. ताट सारून उठलो.

बुधवार, ५ मार्च

सुचलं! सकाळी चहा पिताना सुचलं!

लेकीकडे हे नवे स्टीलचे कप आहेत. दोन्ही हातांनी घट्ट धरला तरी नुसता कोमट लागतो, आणि चहा मात्र जीभ पोळेल असा. (लेक तोच कप फडक्यात धरून आणते. नाजूक झाली आहेत पोरं.) मनात आलं — गाडीला हेच पाहिजे! एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला गार.

इंजिनाची धग मॅनिफोल्डमध्ये चढते. मॅनिफोल्ड म्हणजे पेट्रोल आणि हवा इंजिनात नेणारी नळी. तिथून धग वर कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात त्या डब्यात जाते, पेट्रोल आतल्या आत उकळतं, गाडी गुदमरते. इंजिन आणि मॅनिफोल्डच्या मध्ये असते कागदाची पॅकिंग. कागद बिचारा काय अडवणार? तिथे धग पुढे जाऊ न देणारं जाड बॅकेलाइट घातलं तर? माळ्यावर जुन्या स्विचबोर्डाची पाटी आहे, पाच मिलिमीटर जाड. मी चौथी नापास. हे मोठ्या कारखानदारांना सुचलं नसेल का? सुचलं असेल. पण माझ्या गाडीत कुणी घातलं नाही ना!

"बाबा, शिडीवर चढू नका!"

चढलो.

गुरुवार, ६ मार्च

मॅनिफोल्डच्या तोंडाला काळं तेल फासून त्यावर कागद दाबला. छाप असा स्वच्छ उमटला की बघत राहावं. गॅरेजात उस्तादांनी शिकवलेली रीत — जुन्या पॅकिंगवरून कधी कापायचं नाही, ती दाबून पसरलेली असते. दिवसभर करवत आणि कानस. पाटी तडकेल या धास्तीने श्वास रोखून काम केलं. नाही तडकली!

बसवली आणि चालू केली, तर शिट्टी! बारीक, कानात घुसणारी. माझीच चूक. पॅकिंग जाड झाली, पण ती आवळून धरणारे स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, होते तेवढेच राहिले. नट जेमतेम दोन आटे धरत होते, फटीतून हवा ओढली जात होती. पन्नास वर्षं हेच काम केलं आणि स्टडची लांबी विसरलो! लेकीने शिट्टी ऐकली. खिडकी लावून घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ७ मार्च

लेथवाल्याकडून लांब स्टड करून आणले. म्हणाला, "काका, त्या गाडीत आता तुमचेच भाग जास्त झालेत." हसू दे. शिट्टी बंद!

मग चढ. भर दुपारी मुद्दाम, ऊन अगदी डोक्यावर. लेक चालवत होती, मी डोळे मिटून बसलो होतो. पहिलं वळण, दुसरं, शेवटचं — आणि गाडी वर! थांबलीच नाही!! बॉनेट उघडून मॅनिफोल्डवर हात ठेवला. गार! तळवा पूर्ण टेकवून दहापर्यंत मोजलं. लेक म्हणाली, "बाबा, भाजेल!" म्हटलं, भाजायला काही उरलंच नाही!

शनिवार, ८ मार्च

आज दोनदा चढून आलो. दोन्ही वेळा गार. उड्या माराव्याशा वाटतात, पण गुडघे ऐकत नाहीत. तळव्यावर मात्र फोड आलेत. कानस फार वेळ धरली, दुसरं काय.

जावई शाळेत विज्ञान शिकवतो, त्याला कुठलीही गोष्ट सरळ पटत नाही. "मामा, नवी पॅकिंग घालून गार राहतं म्हणता. मग जुनी घालून किती तापत होतं, ते बघितलंत का?"

"पन्नास वर्षांचा हात आहे हा, तुमच्या थर्मामीटरच्या आधीचा!"

"हात राहू द्या. जुनी परत घाला आणि तोच चढ चढा. थांबली तर तुम्ही जिंकलात."

लेक मध्येच म्हणाली, "थांबली, तर गिऱ्हाईकाला मीच नाही म्हणून सांगते. गाडी तुमची."

कागदाची पॅकिंग पुन्हा बसवली, जुन्या स्टडांसकट.  नाही थांबली तर? आयुष्यात पहिल्यांदाच देवाला म्हणतोय, माझी गाडी बंद पाड.

रविवार, ९ मार्च

थांबली! शेवटच्या वळणावर, बरोबर त्याच जागी! टाळ्याच वाजवल्या मी! लेक हसत हसत म्हणाली, "जिंकलात, बाबा. गाडी तुमची." मी धावत पुढे झालो, बॉनेट उघडलं आणि मॅनिफोल्डवर तळवा टेकवला.

गार.

लेकीने शेजारी बोट लावलं आणि "आई गं!" म्हणून झटकन मागे घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून तिथेच होता.