नाळेवरचं कुंकू

शिरगाव,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. सौ. वैष्णवी हिला शांतारामकाकाचा आशीर्वाद.

तू आणि नीलेश खुशाल असाल. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. वाडीत चिकूला यंदा फळ बरं धरलंय, फक्त आकारानं लहान आहे. सुलूकाकू उद्या तिळगूळ घेऊन उमरोळीला तुझ्याकडे येते आहे. तिच्याच हाती हे पत्र देतो.

परवा तुझा फोन आला तेव्हा पंप खोलून बसलोय असं मी म्हणालो. पंप तेव्हा जोडून झाला होता. पर्यटकांना खाडीतून, किनाऱ्यानं फिरवायला सातपाटीची ती जुनी निळी बोट घ्यायची आहे, रविवारी येऊन बघाल का, असं तू विचारलंस, तर मी गुडघ्याचं कारण पुढं केलं. गुडघा दुखतो, पण सातपाटीपर्यंत जाण्याइतका चालतो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहितो. मागच्या बाजूनं सुरुवात करून पुढे येतो.

मालकाला वेळ कळवू नका. ओहोटीला बोट वाळूवर बसली की जा, म्हणजे तळ दिसेल. पंखा हातानं धरून वर-खाली हलवा. खडखडला तर शाफ्टची, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याची, जागा झिजली आहे. बोट पाण्यात असताना शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथं थेंब थेंब पाणी आत येणारच, धार लागता कामा नये.

इंजिन सुरू करण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन कसं उठतं ते बघायचं. सुरुवातीला थोडा धूर चालतो. निळा धूर राहिला तर ते ऑइल खातंय, काळा राहिला तर डिझेल नीट जळत नाही. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथूनच परत फिरा. डिझेल टाकीच्या अगदी तळातून काचेच्या बाटलीत काढा आणि चहा पिऊन या. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसेल.

कागदावरचा इंजिनाचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या. माणसं बसवायचा परवाना वेगळा असतो, मासेमारीचा चालत नाही. जॅकेटं मोजा, आणि मोजून थांबू नका, प्रत्येकाचा बंद ओढून बघा. मग तासभर भरतीच्या उलट चालवायला लावा. सरळ पाण्यात कुठलीही बोट गुणी असते.

आता लाकूड. जानेवारीत ताजा रंग दिसला तर विचारा, आत्ताच का. रंग नारळी पौर्णिमेआधी देतात. लहान हातोडी घेऊन फळी न् फळी वाजवा. चांगलं लाकूड ठणठणीत बोलतं, कुजलेलं भदभद करतं. मागून सुरू करा, दोन्ही कुशी वाजवत पुढे या.

इथपर्यंत सकाळी लिहिलं आणि उठलो. चिकूला पाणी सोडून आलो. पुढच्या टोकाचं लिहायचं राहिलं आहे.

तुझे बाबा त्यांची बोट विकत घ्यायला निघाले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. गावात त्यांना सगळे जिवल्या म्हणायचे, मीही. मी वाडीतला माणूस, पंपाची इंजिनं दुरुस्त करणारा. बोटीच्या इंजिनावर मला त्यांनीच बसवलं. म्हणून बोट बघायला मलाच नेलं. मी इंजिन बघितलं, ते चांगलं होतं. हातोडी घेऊन मागून पुढे आलो. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, थांबलो. तिथं हळद-कुंकू वाहिलेलं होतं, झेंडूची माळ होती. मालकाच्या म्हाताऱ्या आईनं सकाळीच पूजा केली होती. मी हातोडी पिशवीत ठेवली आणि हात जोडले.

जिवल्या हसला. म्हणाला, "शांत्या, तू मिस्तरी हायस का पुजारी? ठोक की. देव काय उठून मारणार हाय तुला?"

मी म्हणालो, "इथं नाय. इथं देव बसलाय."

"मी कोळ्याचा पोर, माज्या देवाला ठोकल्यालं मला चालतं आन् तुला चालत नाय?" असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "बरं बाबा. तू बरी हाय म्हनतोस ना, मंग बरी हाय."

मी बरी आहे म्हणालो.

पुढचं तुला माहीत आहे. पण गावानं सांगितलं तेवढंच माहीत आहे. वाऱ्यात बोटीत पाणी भरलं, दोन्ही खलाशी पोहून आले, जिवल्या आला नाही. लोक म्हणाले, बोट हाकणारा तांडेल तोच, त्यानं वारा ओळखला नाही, हट्टानं बोट पुढे काढली. तुझ्या आईनं ते ऐकून घेतलं, तू शाळेत ऐकून घेतलंस. मीही तिथं उभा होतो आणि म्हणालो, लाट मोठी होती.

चार दिवसांनी बोट वाळूवर ओढून आणली. पुढची फळी उघडली होती. कोणी नव्हतं तेव्हा मी जवळ गेलो आणि कुंकवाच्या डागाखाली अंगठा दाबला. अंगठा आत गेला, वैष्णवी. भिजलेल्या भाकरीत जावा तसा. वर्षानुवर्षांचा रंग वरून धरून होता, आत लाकूड उरलंच नव्हतं. त्या दिवशी एक ठोका मारला असता तर मला कळलं असतं. वाऱ्यात तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. तसल्या वाऱ्यात ते शंभरदा गेले होते आणि आले होते.

चौदा वर्षं मी रोज दिवा लावतो. देवाला बोल लावला नाही. देवानं माझा हात धरला नव्हता. मीच धरला, आणि त्याला भक्ती म्हणालो.

सुलूलाही आज सकाळपर्यंत हे ठाऊक नव्हतं. मी लिहायला बसलो तर म्हणाली, "पत्र कशाला? फोन हाय ना." मग मी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबले. मग म्हणाली, "तिळगुळाबरोबर हेच देते तिला. तुमी नुसते आशीर्वाद पाठवू नका."

तेव्हा पुढच्या टोकाचं लिहितो. त्या निळ्या बोटीच्या नाळेलाही कुंकू असेल. हात जोडा, क्षमा मागा, आणि मग तिथंच आधी ठोका. दोनदा ठोका. मालक हात धरायला आला तर बोट घेऊ नका. आवाज थोडा जरी मऊ वाटला तरी रंग खरवडून टोच्या घालून बघा. देवाचं काही जात नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी शिरगावच्या थांब्यावर हातोडी घेऊन उभा राहीन. तुम्ही दोघं सातपाटीला जाताना तिथूनच जाल. थांबायचं की पुढं जायचं, ते तू ठरव. पुढं गेलात तर बंदरावर बुधा सुतार भेटेल. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की नाळ पहिली वाजव. तो का म्हणून विचारणार नाही.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव. गावात जिवल्याबद्दल कोणी काही म्हणालं तर त्यालाही दाखव. खाली माझं पूर्ण नाव लिहितो आहे, ते त्यासाठीच.

काका म्हणायचं की नाही हे तुझ्यावर सोडून,

शांताराम महादेव राऊत