बाराव्या खोलीची नमुना नोंद

तीर्थस्वरूप मामा,

लांबूनच वाकून नमस्कार. गुडघ्याची सूज कशी आहे? काठी घेऊन चालता ना? आणि मामीचा राग? (दोन्हींपैकी आधी काय उतरलं ते कळवा.) मी मजेत आहे.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून ही चौथी नोकरी लागली, ती मी टिकवणारच. काम सोपं. आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते मी विचारून लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. सहीशिवाय परतायचं नाही, सहीनंतर अक्षर बदलायचं नाही, असं साहेबांनी दोनदा बजावलंय. (साहेब सगळंच दोनदा बोलतात. जेवलास का, जेवलास का.)

गिऱ्हाईक म्हणजे एका लॉजच्या मालकीणबाई. पाहुण्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर हव्यात. खोल्या किती विचारलं, तर म्हणाल्या, "तूच लिही की रे." जिन्यात एक मांजर शेपटीशी भांडत होतं, त्याच्याकडे बघता बघता मी बारा लिहून मोकळा झालो. मोजल्या तर अकरा! खोडायला गेलो, तर बाई म्हणाल्या, राहू दे. रात्री तिथेच मुक्काम केला, सकाळी बघतो तर बोळाच्या टोकाला बारावं दार. नवं नाही हो, कडीला चांगला गंज चढलेला. म्हटलं, आपलंच चुकलं असेल (गणिताच्या तासाला मी वर्गात असायचो कुठे!). मांजर मात्र तिकडे फिरकेना. मग बाई म्हणाल्या, त्या खोलीला खिडकी नको. लिहिलं. चहा पिऊन येईतो खिडकीच्या जागी भिंत.

काल म्हणाल्या, "कायमच्या पाहुण्याची नोंद कशी दिसेल, भरून दाखव बघू." नमुना म्हणून माझंच नाव घातलं. खोली बारा. आल्याची तारीख कालची. जाण्याची रिकामी सोडली, नंतर ठरवू म्हणून. बाई पहिल्यांदाच हसल्या.

खोली तशी ऐसपैस आहे. काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता. क. सही झाली! नोकरी पक्की. साहेबांना तेवढं कळवा, कारण मी जिना उतरलो की पुन्हा बारावं दारच समोर येतं. हे पत्र बाई टाकणार आहेत.

आणखी एक ता. क. सहीआधी बाईंनी खोलीत दोन खाटा लिहायला लावल्या, दुसऱ्या खाटेच्या नोंदीलाही नमुना मागितला. घाईत तुमचंच नाव सुचलं. रागावू नका. सकाळपासून त्या खाटेला एक काठी टेकून ठेवलीय. मामा, तुमची जागेवर आहे का, जरा बघता?