छताखालचा खांब

बा, तुझा खांब कोरून झाला. तू गेलास तेव्हा तो राहूनच गेला होता. मेलेल्यांच्या नावाने सागाचे खांब कोरणारा आपल्या गावात तू एकटाच, आणि मी तेव्हा घुग्घुसच्या खाणीत. आता झाला, पण तो गावाबाहेर बाकीच्या खांबांजवळ उभा राहणार नाही. तो कोकणात जायचा आहे, ज्यू लोकांच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये. ते लोक आपल्यासारखेच मराठी बोलणारे, पण बहुतेक परदेशी गेले. त्यांच्या त्या प्रार्थनाघरात आता कलेचं फाउंडेशन आहे. तिथल्या बाईंनी मला खांब मागितला. मी विचारलं, कोणाच्या नावाचा? "नाव कशाला? शिल्प म्हणून हवाय," त्या म्हणाल्या.

मला चंद्रपूरचा मेळा आठवला. तिथे विकायला म्हणून मी घरी वीतभर खांब कोरला आहे, तू तो माझ्या हातातून ओढतोस आणि सरळ चुलीत घालतोस. "मेला कोन ते सांग आधी! कोनी मेलं नाई तं खांब काऊन कोरून राह्यला?" त्या धाकाने असेल, आताही बिननावाचं लाकूड माझ्या हाताला वळेचना. शेवटी तुझं नाव घेतलं. मग मोर, बैलजोडी, सगळं भराभर उतरलं. रडत होतो आणि मजाही येत होती.

जागा बघायला गेलो तेव्हा बाई कौतुकाने सांगत होत्या, वर छत आहे, वाळवी नाही, दरवर्षी तेल लावू. मला बरं वाटलं. भिंतीत त्या ज्यू लोकांच्या पोथ्यांचं कपाट होतं, रिकामं. त्यांच्यातले एक म्हातारे अजून शनिवारी येऊन बसतात. पोथ्यांचं काय झालं, मी त्यांना विचारलं.

"ज्या चांगल्या होत्या त्या आमच्या लोकांबरोबर परदेशी गेल्या. जीर्ण झालेल्या पुरल्या, माणसाला पुरतात तशा. त्यांना अडवून ठेवायचं नसतं, बाबा."

तूही हेच सांगायचास. खांब सडला का मानूस सुटला, त्याले तेल लावाचं नाई. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बायको म्हणते, "नाई म्हना त्याइले, गावातच गाडा." मी म्हणतो, शब्द दिलाय.

शब्दाचं काही नाही. बाई समजूतदार आहेत, नाही म्हटलं तर ऐकतील. तुला वाचता येत नव्हतं, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहितो. गावात खांब पावसात भिजेल, वाळवी लागेल आणि एक दिवस तू सुटशील. मले ते नाई पायजे, बा.