बाइंडरच्या गुडघ्याची चौकशी

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा तूर्त सातांवर भागवून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की तो आता घरचाच झाला? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू बाइंडरला ओळखतेस. माझ्या खोलीखालच्या दुकानात विद्यापीठाचे प्रबंध बांधतो तो. मागच्या खेपेला त्याने तुझं फाटकं शिवणकामाचं पुस्तक न मागता बांधून दिलं आणि तू मला म्हणालीस, "तुझ्यापेक्षा हा बरा." तर या दिवसांत गावात प्रबंधांचं पीक येतं आणि दुकानात मावत नाही म्हणून तो त्यांच्या चवडी जिन्यात रचतो. मी वर्तमानपत्र वाचत जिना उतरत होतो. (जन्मभर पोरांना नकाशा वाचायला शिकवला, पण स्वतःच्या जिन्यातला डोंगर काही दिसला नाही.) पाय पडला वनस्पतिशास्त्रावर, घसरलो अर्थशास्त्रावरून आणि सरसाचं भांडं घेऊन वर येणाऱ्या बाइंडरच्या अंगावर कोसळलो. डावं मनगट मोडलं. त्याने माझा उजवा हात धरून मला रिक्षात घातलं आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. (सरस वाळत आला होता, हात सोडवताही आला नसता. पण ताई, त्याने सोडवून पाहिला नाही, हेही खरं.) त्यानंतर रोज सकाळी तो वर यायचा आणि माझ्या सदऱ्याची बटणं लावून द्यायचा. एखादं खालीवर झालं की सगळी काढून पुन्हा लावायचा. बांधणीतला माणूस तो, त्याला वाकडं खपत नाही.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात मला अवदसा आठवली. इथल्या विधी महाविद्यालयाचं मोफत सल्ला केंद्र आहे, जुन्या टेबलटेनिसच्या खोलीत. दवाखान्याचा खर्च पेन्शनवाल्यांना परत मिळतो का, एवढंच विचारायला मी गेलो. पण शेवटच्या वर्षाच्या मुलांना पास व्हायला एक खरंखुरं प्रकरण चालवावं लागतं, आणि हे गाव इतकं सुस्त की इथे कुणी कुणाला धड धक्कासुद्धा मारत नाही. माझं प्लास्टर पाहून त्या मुलांना जो आनंद झाला, तो माझ्या लग्नात कुणाला झालेला मला आठवत नाही. गटाची म्होरकी मुलगी तर इतकी लाघवी की "काका, टेकून बसा, काका, पाणी घ्या" करता करता तिने सही कधी घेतली ते कळलंच नाही. इतक्या मायेने माझी चौकशी कुणी केली नव्हती. (बाइंडरनेही नाही. तो चौकशी करत नाही, बटणं लावतो.) दुसऱ्या दिवशी त्याला नोटीस गेली. तीत मी "जखमी ज्येष्ठ नागरिक" होतो आणि तो "बेफिकीर दुकानदार". तेव्हापासून त्याचं वर येणं बंद झालं.

नोटीस घेऊन तो बिचारा जाणार कुठे? त्याच केंद्रात गेला. तिथे दुसरा गट प्रकरणावाचून उपाशीच बसला होता. त्यांनी त्याला उठवून, बसवून, चालवून पाहिलं आणि त्यांच्या हाती लागला त्याचा गुडघा. मी अंगावर पडलो तेव्हाच दुखावला होता. हा माणूस त्या गुडघ्यावर रोज माझा जिना चढत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. आता त्या गुडघ्यापायी माझ्यावर उलटा दावा आहे. टेबल अजून तिथेच आहे, जाळीसकट. अलीकडे माझी मुलं, पलीकडे त्याची, आणि मधोमध उभ्या राहून त्यांच्या प्राध्यापकबाई गुण देतात. मला माझ्या गटाचे सक्त नियम आहेत. रस्त्यात हसायचं नाही, पिशवी उचलायची नाही आणि काही झालं तरी समोरच्याची तब्येत विचारायची नाही. "गुडघा कसा आहे" म्हटलं की तो दुखावल्याचं आपण कबूल केल्यासारखं होतं म्हणे.

काल तडजोडीची बैठक झाली. जाळीपलीकडे तो खाली मान घालून बसला होता आणि गुडघा चोळत होता. बाईंनी मला विचारलं, "आपल्याला यांना काही म्हणायचंय का?" अगदी ओठांवर आलं होतं. टेबलाखालून माझ्या गटातल्या कुणीतरी माझा पाय दाबला आणि मी म्हणालो, "काही नाही." उठताना त्याचा तोल गेला. मी सावरायला पुढे झालो, तर मागून माझा सदरा धरला गेला. तो भिंतीला धरून दारापर्यंत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. आज सकाळी तो खाली शटर उघडत होता, मधेच थांबत होता. मी वर बसून ते ऐकत होतो.

असो. न्यायाचं काम आहे, वेळ लागायचाच. तू काळजी करू नकोस आणि कंबर घेऊन इकडे यायची मुळीच गरज नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : न्यायाचं वगैरे वर लिहिलं ते खोडायचं राहिलं. दावा मी दुपारी जाऊन मागे घेतला. म्होरकी मुलगी रडली. बाई म्हणाल्या की मागे घेतलेल्या दाव्यालाही गुण असतात, तेव्हा तिने डोळे पुसले आणि मला पुन्हा पाणी दिलं.

ता. क. २ : दावा गेला तसा गटही सुटला, म्हणजे आता माझ्यावर कसलाही नियम नाही, हवं ते विचारायला मी मोकळा आहे. तरी दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत उतरून परत आलो. तेवढ्यासाठीच हे पत्र. तुझा शब्द तो मोडत नाही. त्याला चार ओळी लिही आणि गुडघा कसा आहे ते विचार. मी विचारायला सांगितलं, असं मात्र लिहू नकोस.

ता. क. ३ : लिही.