भिंतीवरच्या फोटोंचा कॅमेरा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आला एकदाचा. नवा कॅमेरा. खोकं उघडायला सायली आणि तिची आई सुकेशनी दोघी बसल्या, मी नुसता बघत होतो. हातात घेतला तर वजनच नाही. जुना उचलून उचलून उजवा खांदा कामातून गेला, आणि आता हा हलका आलाय — खांदा गेल्यावर! आनंद व्हायला पाहिजे होता. झोप आली.

जुन्याचं काय करायचं? सायली म्हणाली, "पप्पा, विकून टाका. त्याच्याकडं बघूनच दमायला होतं." सुकेशनी फडकं घेऊन आली. ओल्या फडक्यानं नको, कोरड्यानं पूस म्हणलं, तर "पंधरा वर्षं मीच पुसते," म्हणाली. पुसून कपाटात ठेवला.

१५ सप्टेंबर

विकायचा. ठरलं.

चितेगावचा ऋतुराज घेतो म्हणतोय. कंपनीतली नोकरी सोडून लग्नांचे फोटो काढायला लागलाय. देव त्याचं भलं करो. पहिला प्रश्न — "भाऊ, काउंट किती झाला?" म्हणजे आजवर बटण किती वेळा दाबलं. ती गणती कॅमेऱ्याच्या पोटात असते, कॉम्प्युटरला जोडला की दिसते. जोडला. दोन लाख चौदा हजार तीनशे ऐंशी. तसंच कळवलं त्याला, लपवाछपवी नको. दसऱ्याला येऊन नेतो म्हणाला, मुहूर्तावर.

दोन लाख चौदा हजार. त्यात मायचा एक नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काल अर्धवट सोडलं. लिहूनच टाकावं.

बजाजनगरात मी लग्नांचा फोटोवाला. पण गावाकडं माझी ओळख वेगळी. म्हातारं माणूस थकलं की घरचे मला बोलावतात. का, ते कुणी बोलत नाही. मी जातो, पांढऱ्या भिंतीला खुर्ची लावतो, टोपी नाहीतर पदर सारखा करायला लावतो, हसू नका म्हणतो. कारण मला माहीत असतं ना, ह्या फोटोला हार पडणारे. दात दिसून कसं चालेल?

दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात तीन काढले, तिन्ही म्हातारे दिवाळीच्या आत गेले. माझा काय दोष? पण गावात बोभाटा झाला — बिभीषणाचा हात जड. मागच्या वर्षी सरूआत्यानं मला गल्लीत येताना बघून दार लावून घेतलं. कॅमेरा तर गाडीतच होता. मी पाणी मागायला चाललो होतो.

आणि एवढ्या घरांत भिंतीवर मीच काढलेली माणसं असताना माझी माय कस्तुराबाई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा फोटो शोधायला लागलो तर नाही. एकही नाही. शेवटी चुलतभावाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून काढला. मान पंगतीकडं वळलेली, आणि खांद्यावर कुणाचातरी हात. मागचं सगळं सुकेशनीनं कॉम्प्युटरवर साफ केलं, तो हात काही नीट निघाला नाही. अजून दिसतो. रोज सकाळी अगरबत्ती लावताना मला तो हातच आधी दिसतो.

म्हणून हा कॅमेरा घरात नको. नवा घेतला तो खांद्यासाठी, असं सगळ्यांना सांगतो.

राहिले दादा, माझे वडील केरबा. ऐंशी पूर्ण. त्यांचा फोटो व्हायला पाहिजे, आणि नीट व्हायला पाहिजे. बास, एवढं एकच काम आहे डोक्यात.

१८ सप्टेंबर

नवा कॅमेरा घेऊन गावी गेलो. पावसानं रस्त्याची चाळण झालीये. दादा गोठ्यात मेंढीचा खूर बघत बसलेले. सततच्या ओलीनं खूर सडतात. दहा-बारा मेंढ्या उरल्यात, पण दादांचा रुबाब दोनशे मेंढ्यांच्या वाड्याचा.

"दादा, नवा कॅमेरा आणलाय. एक काढू?"

वर बघितलंच नाही. "कुणाचा?"

"तुमचा."

"मला लई कामं हायेत अजून."

"एक मिनिट लागतं."

"मिनिटाचा प्रश्न नाय, बिभीषण. तू काढला की माणूस भिंतीवर जातंय." आणि हात धुऊन आत गेले.

चिडलो. म्हणलं, मायच्या वेळी काय झालं ते बघितलं ना? त्यावर दादा दारातून म्हणाले, "जवा ती जित्ती होती तवा का नाय काढला?"

गाडी काढली आणि आलो. पाठ, खांदा, डोकं — सगळं दुखतंय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सुकेशनी दर मंगळवारसारखी दादांच्या बीपीच्या गोळ्या आणि भाकरी घेऊन गावी. उशिरा आली. पिशवी जड दिसली. दादांनी भोपळा दिला म्हणाली.

२४ सप्टेंबर

भोपळा काही ताटात आला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज डोकं फिरलं. ऋतुराजला काउंटचा फोटो पाहिजे होता, म्हणून जुना परत जोडला. दोन लाख पंधरा हजार बारा! सहाशे बत्तीस जास्त. कपाटात बसल्या बसल्या कॅमेरा स्वतःचं बटण दाबतो का काय?

ऋतुराजला काय सांगू? म्हणेल, भाऊ खोटं बोलला. ह्या धंद्यात एवढं नाव तरी नीट राहिलंय.

सायलीला विचारलं. "पप्पा, मी फोनवर काढते. ते धूड कोण उचलणार?" खरंच वाटलं. मग कोण? स्टुडिओत मी एकटा. घरात आम्ही तिघं. सुकेशनी आत कणीक मळत होती. तिला विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. ही ओळ मी नंतर, पुढच्या पानावरून मागं येऊन लिहितोय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. आपलं हत्यार कॅमेरा. पाटावर नवा ठेवला, स्टँड ठेवला, लाइट ठेवले. सुकेशनीनं कपाटातून जुना आणला आणि नव्याच्या शेजारी मांडला. म्हणलं, हा उद्या चाललाय, ह्याची कशाला पूजा? तिनं पट्ट्याला हळद-कुंकू लावलं. मग पाटाकडंच बघत म्हणाली,

"ते सहाशे मीच."

मला आधी कळलंच नाही.

"दोन मंगळवार नेला. बटण तेवढं माहीत होतं, बाकी सायलीच्या मोबाइलवर बघून शिकले."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

नसतो म्हणालो. हे मला आणि तिला दोघांना माहीत.

आवाज चढला माझा. इतकी वर्षं कमावलेलं नाव, ऋतुराजला दिलेला शब्द, असलं काहीबाही बोललो. मग म्हणाली, "अहो, पंधरा वर्षं तुमचे अल्बम मी जुळवते. तुम्ही काढलेल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे मी मोठे करून बघितलेत. सगळ्यांच्या डोळ्यांत भ्या हाय. भिंतीला टेकवता, पदर नीट करायला लावता, हसू नका म्हणता. माणसाला कळत नाय का, कशासाठी चाललंय ते?"

आणि आरतीचं ताट घ्यायला आत गेली. मी पाटासमोर उभा. नारळ फोडायचा राहून गेला, सायलीनं फोडला.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी स्टुडिओत जाऊन जुन्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकटाच बसलो बघत.

फोटो वाईट आहेत. हे आधी लिहितो. शे-दीडशे तर फेकूनच द्यावेत असे. कुठं फोकस गेलेला, कुठं गोठा तिरका, एकात नुसती मेंढीची शेपटी. उजेड पाठीमागून घेतलाय, नवशिक्यासारखा.

मग दादा आले. फेटा बांधताना. भाकरीचा तुकडा मेंढीला भरवताना. मेंढी धोतराचं टोक चघळतेय आणि दादा तिला शिव्या देतायत. आणि एक — दादा सरळ कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. खालचे दोनच दात. डोळे बारीक झालेत. असं हसताना मी त्यांना बघितलंय, पण लहान असताना. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बसून राहिलो.

सुकेशनीला फोन करून विचारलं, दादा तुझ्यासमोर बसले कसे? ती म्हणाली, "मामा म्हणाले, सूनबाई, तुला कुठं येतंय? काढ मग."

येत नाही म्हणून बसले! मला येतं, ही माझी चूक.

दुपारी ऋतुराज आला. पेढे घेऊन आला बिचारा. म्हणलं, नाही देत. "भाऊ, जबान दिली होती ना तुम्ही." दिली होती. माफी मागितली. तोंड पाडून गेला, वाईट वाटलं. पण कॅमेरा माझा नाही राहिला, दुसऱ्याचा कसा विकू?

संध्याकाळी तिघं गावी गेलो, दादांना सोनं द्यायला. नव्या कॅमेऱ्याची पिशवी बघून दादांनी तोंडावर उपरणं घेतलं. म्हणलं, राहू द्या दादा, झालंय तुमचं. उपरण्याआडून म्हणाले, "व्हय, मला दावलाय तिनं. मेंढी झ्याक आलीय."

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी स्टुडिओच्या नंबरवर फोन. सरूआत्या — माझ्या तोंडावर दार लावणारी, नातवाच्या मोबाइलवरून.

"कोन, बिभीषण का? तू नको. तुझी बायकू दे. केरबाचा काढलाय तसा माझा काढायचाय. हासताना."

म्हणलं, थांब आत्या, देतो. सुकेशनीला फोन दिला आणि जुन्याची बॅटरी चार्जिंगला लावली.